मथळ्याखालची बातमी

लांजा
६ मार्च २०२५

चि. दर्शना हिस,
सप्रेम जयभीम.

शनिवारचा अंक दुपारच्या एसटीने आला आणि तुझा चंद्राचा लेख मी सोमवारी काजूच्या शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडे सोलायच्या टेबलावर बायकांचे हात चालू असतात, डोकी मात्र मोकळी. त्यामुळे मुकादम काही बोलत नाही. मी आता काजू सोलत नाही, प्रतवारी बघते, म्हणून उभं राहून वाचायला मला सवड मिळते.

चंद्र दर वर्षी आपल्यापासून दोन बोटं लांब सरकतो, हे वाचलं मात्र, जाईबाईचे हात थांबले. जाईबाई म्हणजे माझ्या शेजारी बसते ती, साठीची. म्हणाली, "माझा पोरगा मुंबैला गेला तोपन असाच गो. दिसता रोज, फोनात. पन वर्साला दोन बोटा लांब." मग सगळ्या हसल्या. तिची सून सखू मशीनवर असते, ती तेवढ्यात आत आली होती. ती मात्र हसली नाही, कारण तो पोरगा म्हणजे तिचा नवरा.

आधीचा माकुलाचा लेखही अजून कुणी विसरलेलं नाही. तीन काळजं असलेला प्राणी आपण आठ दिवसांआड कालवणात टाकतो, याचं बायकांना फार वाटलं. तरी रविवारी आणलाच.

तू लिहीत राहा. विज्ञान म्हटलं की आम्हाला शाळेतली छडी आठवायची. आता शनिवार आठवतो.

तुझी,
करुणा आत्या

ता. क. फोन उचलत नाही म्हणून रागावू नको. शेडमध्ये फोन गेटवर ठेवावा लागतो आणि घरी आल्यावर बोलायचं त्राण नसतं. पत्रात कसं, निवांत बोलता येतं.

•

रत्नागिरी
१४ मार्च २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये दोनदा वाचलं. कॉलेजात तासिकेवर शिकवते तेव्हा मुलं घड्याळ बघतात. तुमच्या शेडमध्ये हात थांबतात, हे ऐकून बरं वाटलं.

आमचे संपादक आप्पा तुला माहीत नाहीत. पावसला त्यांची हापूसची बाग आहे आणि आंब्याच्या पैशांवर ते हे साप्ताहिक चालवतात. माणूस चांगला, पण स्पष्ट. मला म्हणाले, "मे अखेरपर्यंत बघू. लोकांनी वाचलं तर कोपरा तुझा. नाही तर तिथे पेट्यांची जाहिरात." म्हणून तुझ्या पत्रातलं जाईबाईचं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. त्यांचा मुलगा कॅनडात असतो.

मला काय वाटतं सांगू? विज्ञानाच्या बातम्या लोकांना नको असतात असं नाही. त्या लिहिणारे आधी दाराशी उभे राहून पात्रता विचारतात. मला दार उघडं ठेवायचं आहे. माणसाने हसत आत यावं आणि जाताना काहीतरी घेऊन जावं.

पुढच्या लेखासाठी अशी बातमी मिळाली आहे की तुमच्या शेडमध्ये टाळ्या पडतील. आपल्याच मातीतली आहे. आत्ता सांगत नाही.

तुझी,
दर्शना

•

लांजा
२ एप्रिल २०२५

चि. दर्शना हिस,
सप्रेम जयभीम.

टाळ्या पडल्या! 'सापाचं विष उतरवणारी गोळी आली!' एवढा मथळा वाचला आणि पलीकडच्या काजू फोडायच्या मशीनवरच्या बायकासुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या कातळी सड्यावर फुरसं कुठे नाही? दगडाखाली, गडग्याच्या दगडी फटीत, पातेऱ्याच्या वाळक्या पानांत. इथे प्रत्येक घरात कुणी ना कुणी चावलेलं आहे. सखूची थोरली बहीण त्यातच गेली.

फुरशाचं तू केलेलं वर्णन भारी. 'वीतभर अंग आणि हातभर राग' यावर सगळ्या हसल्या. शेवटचा परिच्छेद राहिला होता, तेवढ्यात एकच गलका झाला. सगळ्या एकदम विचारायला लागल्या, मी होय होय म्हणत गेले. एवढ्या आनंदात कुणाला थांबवायचं? जाईबाईने अंक मागून घेतला, घडी घालून पोलक्यात ठेवला.

दादा असता तर त्याला सांगितलं असतं, तुझी पोरगी काय लिहिते बघ.

तुझी,
करुणा आत्या

•

रत्नागिरी
१० एप्रिल २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

आप्पांनी कोपरा मला दिला. कायमचा! त्या अंकाच्या जास्तीच्या प्रती काढाव्या लागल्या. राजापूर, लांजा, पाली, सगळीकडून मागणी. मच्छी मार्केटमध्ये एका बाईने मला ओळखलं, 'गोळीवाली ना तू?' म्हणाली आणि दोन सौंदाळे जास्त घातले.

बायकांनी काय काय विचारलं ते मला सविस्तर लिही. प्रश्न हवेत मला. त्यांतूनच पुढचे लेख निघतील.

तुझी,
दर्शना

•

लांजा
१९ मे २०२५

दर्शना,

जाईबाईला फुरसं चावलं. पावसाळ्याच्या आधी पातेरा भरून ठेवायचा म्हणून गडग्याच्या कडेने गोळा करत होती. उजव्या हाताला चावलं.

तिने आरडाओरडा केला नाही. सखूला म्हणाली, "दवाखान्यात नको, रात्रभर ठेवून घेतील. ती गोळी घेऊन ये." सखू शेजाऱ्याच्या गाडीवर बसून बाजारात गेली. एक मेडिकल बंद, दुसऱ्याला माहीत नाही. तिसऱ्याने सखूच्या हातातला तुझा लेख बघितला आणि तिच्यावर ओरडला, बाई असेल तशी आधी सरकारी दवाखान्यात न्या, तिथे इंजेक्शन असतं. तोवर हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. दवाखान्यात इंजेक्शनं चालू केली आणि रात्री रत्नागिरीला सिव्हिलला पाठवलं.

तू जाऊन बघ. सखू तिथे एकटी आहे.

गाडीत बसताना ती मला विचारत होती, ती गोळी मिळते तरी कुठे? मी काय सांगू तिला?

करुणा

•

रत्नागिरी
२१ मे २०२५

आत्या,

गोळी कुठेच मिळत नाही. ती अजून आलेली नाही. परदेशात प्रयोगशाळेत तिच्यावर काम चालू आहे, उंदरांवर तिचा परिणाम दिसला आहे. माणसांवर तपासायला किती वर्षं लागतील, जमेल की नाही, कुणालाच माहीत नाही. हे सगळं मी लेखात लिहिलं होतं. शेवटच्या परिच्छेदात. मथळा आप्पांनी दिला.

जाईबाई अतिदक्षता विभागात आहे. मूत्रपिंडांवर परिणाम झालाय, डायलिसिस करतायत. मी सखूला जेवण नेऊन देते. ती माझ्याशी बोलत नाही, पण डबा घेते.

या आठवड्यात लेख दिला नाही.

दर्शना

•

रत्नागिरी
८ जून २०२५

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते.

जाईबाई वॉर्डात आली. लघवी नीट होऊ लागली आहे, डॉक्टर म्हणतात धोका टळला. हात वाचला, पण दोन बोटं वाकत नाहीत. काल ती पहिल्यांदा पोटभर बोलली. मी तिची माफी मागितली तर म्हणाली, "तू कशाला? मी विचारलाय होता ना. गोली लांज्यात मिलता काय, असा मी करुणाला सवता विचारलाय. ती होय म्हणाली."

मी म्हटलं, आत्या असं कसं सांगेल? लेखात तर 'अजून आलेली नाही' असं लिहिलंय.

तेव्हा ती इकडेतिकडे बघून हळू म्हणाली, "तिला ऐकू येत नाय गो. मशीनवर होती ना इतकी वर्सा, कान गेले तिचे. तिला वाटता, आमाला म्हाईत नाय. आमी सांभालून घेताव. मुकादम बोलवायला लागला की कोनतरी तिला कोपर मारता. तू तिला सांगू नको हां."

मी तिला शब्द दिला आणि आता मोडते आहे. आत्या, तू फोन का उचलत नाहीस ते मला काल कळलं. इतकी वर्षं मी समजत होते, तुला पत्रांची हौस आहे.

आणखी एक. मथळा आप्पांनी दिलेला नव्हता. माझाच होता. आप्पांनी विचारलं होतं, "आली म्हणजे खरंच आली का?" मी म्हटलं, मथळा आहे आप्पा, ओढून घेण्यापुरता, खाली सगळं नीट सांगितलंय. मला टाळ्या हव्या होत्या.

तुझ्या 'होय'चा दोष मी तुला देत नाही. तुला ऐकूच आलं नव्हतं. मी शुद्धीत लिहिलं होतं.

दर्शना

•

लांजा
२० जुलै २०२५

चि. दर्शना हिस,
जयभीम.

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घातलं. दोन दिवस कामावर गेले नाही. तुझा राग आला, जाईबाईचा आला. मला ठाऊक नसताना माझी कीव करत होत्या सगळ्या! मग जाईबाईच्या पोरीच्या वयाची एक मला कोपर मारायची, ते आठवलं. मला वाटायचं ती धसमुसळी आहे.

ऐकू कमी येतं हे मला कळायला लागलं त्याला चार वर्षं झाली असतील. मशीन बंद झालं तरी कानात सूंऽऽ चालूच. समोर बसून बोललेलं ओठांवरून कळतं. घोळक्यातलं काहीच कळत नाही. सांगितलं असतं तर प्रतवारीवरून काढतील, घरी बसवतील, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर वाचायची हौस. बहिरीला वाचायला कोण उभं करणार?

जाईबाई घरी आली तशी मी तिच्याकडे गेले. ती पडवीत बसली होती, हात मांडीवर. मी म्हटलं, "मी होय म्हटलं, पण मला तुझं ऐकू आलं नव्हतं." ती म्हणाली, "म्हाईत हाय." मी म्हटलं, "मग मला हलवून का नाही विचारलंस?" तर तिने पदर हातावर ओढला. म्हणाली, "मला होय हवा होता." दर्शना, सखूची बहीण गेली तेव्हा त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती ती हीच.

सोमवारी मी शेडमध्ये उभी राहिले आणि हातात पेपर नसताना बोलले. म्हटलं, मला ऐकू येत नाही. विचारायचं असेल तर एकीने पुढे यायचं, तोंड माझ्याकडे करायचं आणि मी काय ऐकलं ते मी उलट सांगणार. चुकलं तर पुन्हा. मुकादमही ऐकत होता. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, प्रतवारीला डोळे लागतात. बस्स, एवढंच. चार वर्षं मी कशाला घाबरत होते!

जाईबाईला आता सोलता येत नाही. तिला निवडायला बसवलं आहे, डाव्या हाताने. हळू होतं. आम्ही तिच्या पुढ्यात आमचं थोडं थोडं निवडलेलं सरकवतो. तिला ते दिसतं.

लेख का बंद केलास? पेट्यांची जाहिरात मोठ्याने वाचता येत नाही.

करुणा आत्या

•

रत्नागिरी
२ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

बंद केल्यानंतरचा पहिला लेख पाठवला, येत्या शनिवारी येईल. गोळीबद्दलच आहे. मथळा आहे 'सापाचं विष उतरवणारी गोळी आलेली नाही'. पहिल्याच ओळीत लिहिलंय की आमच्या मथळ्यावर विश्वास ठेवून एक बाई मरता मरता वाचली. मग फुरसं चावलं तर काय करायचं ते: हात हलवायचा नाही, आवळून बांधायचा नाही, कापायचं नाही, थेट दवाखाना. उंदरांची गोष्ट त्यानंतर.

आप्पा म्हणाले, "हे छापलं तर लोक आपल्याला हसतील." मग स्वतःच म्हणाले, "हसू देत." पण मला एक भीती वाटते, आत्या. हे सगळं इतकं सावध झालं तर कोण वाचेल? मजा आणि खरेपणा एकत्र राहतात की नाही, याची मला आता खात्री नाही. लिहायला बसले की जाईबाईची ती दोन बोटं दिसतात आणि विनोद सुचत नाही.

दर्शना

•

लांजा
११ सप्टेंबर २०२५

चि. दर्शना हिस,
सप्रेम जयभीम.

तुझे सगळे लेख वाचले. कोरडे आहेत. जाईबाईने सांगायला सांगितलं आहे, "हात माझा गेला, तोंड तिचा का गेला?"

पण आज लिहिते आहे ते दुसऱ्याच कामासाठी. सोबत एक कात्रण पाठवते. तुझ्या साप्ताहिकातलं नाही, मुंबईच्या पेपरातलं. पोरं भजी बांधून आणतात त्यात आलं. वर तेल लागलंय, पण मथळा दिसतो: 'बहिऱ्यांना ऐकू येणार! कानात एकच इंजेक्शन'. खालची बाजू फाटली आहे.

मी दोन दिवस ते उशाशी ठेवलं. मला माहीत आहे मथळे कसे असतात. जाईबाईचा हात मी रोज बघते. तरी ठेवलं. पाऊस पडतो तो मला आता फक्त दिसतो, पत्र्यावर वाजलेला कळत नाही. वाटलं, एवढं तरी परत मिळालं तर.

हे माझ्यासाठी आहे का? फिरवून लिहू नको.

करुणा आत्या

•

रत्नागिरी
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

नाही. हे तुझ्यासाठी नाही.

कात्रणातली बातमी खोटी नाही. काही मुलं जन्मतःच बहिरी असतात. त्यांतल्या थोड्यांच्या कानात सगळं जागच्या जागी असतं, फक्त ऐकलेलं पुढे पोहोचवणारा एक दुवा तयार होत नाही. कान म्हणजे पोस्ट ऑफिस समज. पत्रं येतात, शिक्के पडतात, पण पोस्टमनच नेमलेला नाही. त्या इंजेक्शनाने तो पोस्टमन नेमला जातो. काही मुलांना त्यानंतर आईचा आवाज ऐकू आला. खरंच आला.

तुझ्या कानाचं वेगळं आहे. आपल्या कानात आत, शंखासारख्या वळणात, केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाज आला की त्या वाऱ्यावरच्या भातासारख्या लवतात. मशीनच्या आवाजाने तुझं ते शेत वर्षानुवर्षं आडवं झालं. पक्ष्यांच्या कानात ते पुन्हा उगवतं. कोंबडी बहिरी झाली तरी काही आठवड्यांत तिला पुन्हा ऐकू येऊ लागतं. माणसात उगवत नाही. कोंबडीला जमतं ते आपल्याला का नाही, हे शोधायला जगभर माणसं बसली आहेत. अजून जमलेलं नाही. तुझ्या हयातीत जमेल असं मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही.

आज जे आहे ते एवढंच: उरलेलं शेत किती आहे ते तपासता येतं आणि तेवढ्याला पुरेल असं यंत्र कानाला लावता येतं. त्याने पूर्वीसारखं ऐकू येत नाही. घोळक्यात त्रास होतोच. पण पत्र्यावरचा पाऊस बहुतेक ऐकू येईल. बहुतेक म्हणते, नक्की नाही. सोमवारी इथे सिव्हिलला कानाचे डॉक्टर बसतात. मी सुट्टी घेते, तू ये.

फिरवून लिहू नको म्हणालीस म्हणून पहिली ओळ लिहायला मला संध्याकाळ लागली. पुढचं पत्र आपोआप झालं.

तुझी,
दर्शना

•

लांजा
१८ सप्टेंबर २०२५

चि. दर्शना हिस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. पहिली ओळ वाचून मी ते मिटून ठेवलं आणि भात टाकला. जेवल्यावर पुढचं वाचलं. कोंबडीपाशी आले आणि एकटीच मोठ्याने हसले. माझं हसूसुद्धा मला ऐकू आलं नाही, पण पोट हललं. आमच्या दारातल्या त्या भवानीला पुन्हा ऐकू येतं आणि मला नाही!

आज मी ते शेडमध्ये वाचलं. तुला विचारलं नाही. 'नाही. हे तुझ्यासाठी नाही,' हे मी नेहमीच्याच आवाजात वाचलं, म्हणजे मला वाटतं तसं. सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. मशीनवरच्या बायका पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या.

वाचून झाल्यावर सखू पुढे आली, तोंड माझ्याकडे केलं आणि विचारलं, "म्हंजे मशीनवरच्या आमचापन असाच होनार?" मी उलट सांगितलं, तू विचारलंस की मशीनवरच्यांचंही असंच होणार का. ती म्हणाली होय. मी म्हटलं, हे मला माहीत नाही, मी दर्शनाला विचारते. माहीत नाही असं मी पहिल्यांदाच म्हटलं त्या शेडमध्ये. कुणी उठून गेलं नाही. उलट मुकादमाने मशीनवरच्यांना कानात घालायला काही मिळतं का, ते चौकशी करून सांगायला सांगितलं आहे. तेही विचारून ठेव.

जाईबाई म्हणते, हे पत्र असंच छापायचं. एक अक्षर बदलायचं नाही, मथळाही त्यातलीच पहिली ओळ. मी म्हटलं, हे घरचं पत्र आहे. ती म्हणाली, "म्हनूनच कळला."

तेव्हा छाप. आप्पांना सांग, आत्याची परवानगी आहे. आणि 'एक वाचक' वगैरे लिहू नको. माझं नाव घाल. करुणा, काजू शेड, लांजा.

सोमवारी सकाळच्या गाडीने येते.

तुझी,
करुणा आत्या